आधी पाणी बघा, मग भिंत उचला : माईनक्राफ्टवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : दादा, मी परभणीचा, अकरावीला आहे, मोबाईलवर माईनक्राफ्ट सर्व्हायव्हल (ठोकळ्यांच्या जगात घर बांधत जीव वाचवायचा गेम) खेळायलोय. डोंगराच्या टोकावर मोठं घर काढायला घेतलंय पण ते पुरंच होईना, लाकडाला खाली, पाण्याला खाली, तेवढ्यात रात्र होते आणि झोंबी नाहीतर क्रीपर (जवळ येऊन फुटणारा राक्षस) गाठतो, सगळं सामान जातं. बेस (मुक्कामाचं ठिकाण) कुठं करावा?

उत्तर : भाऊ, तुझी मेहनत कमी नाही, जागा चुकलीय. आपल्याकडं वावर घेताना पहिलं काय विचारतेत, हिरीला पाणी किती हाय, तेच इथं विचार. गेममधली दिवस-रात्र मिळून २० मिनिटांची, त्यातला लख्ख दिवस फक्त १० मिनिटं, त्यातली निम्मी तू डोंगर चढण्याउतरण्यात घालवायलास. डोंगराच्या पायथ्याला ये. तिथं झाडं असावीत, नदी नाहीतर तळं असावं आणि मेंढ्या दिसल्या तर लईच चांगलं, कारण एकाच रंगाची ३ लोकर आणि ३ फळ्या झाल्या की बेड होतो, रात्री झोपलं की रात्र संपते आणि मेलास तरी त्याच बेडपाशी उठतोस.

पहिल्या संध्याकाळी बंगला नको. डोंगराच्या कुशीत खोली कोर, दार लाव, आत फर्नेस (भट्टी), चेस्ट (सामानाची पेटी) आणि टॉर्च (मशाल), झालं. कोळसा सापडला नाही म्हणून अंधारात बसू नको, फर्नेसमध्ये खाली फळ्या जाळायच्या आणि वर झाडाचं ओलं लाकूड घालायचं, लोणारी कोळसा निघतो आणि टॉर्चला तोच चालतो. २०२१ च्या १.१८ अपडेटपासून ओव्हरवर्ल्डमध्ये (गेमच्या नेहमीच्या जगात) झोंबी, क्रीपर असले मॉब (गेममधले जीव) टॉर्चचा उजेड पार शून्य असेल तिथंच पैदा होतात, त्यामुळं अंगणात दर १०-१२ ब्लॉकला (ठोकळ्यांना) एक टॉर्च रोवला तरी पुरतो. बाहेरून चालत येणारा क्रीपर मात्र उजेडाला भीत नाही, तो मांजराला भितो, म्हणून जवळ गाव असेल तर कच्चा मासा दाखवून एक मांजर पाळच.

आणि सामानाचं, हे मनावर घे. मेल्यावर खाली पडलेलं सामान ५ मिनिटांनी गायब होतं, पण तू लांब असलास आणि तो भाग लोड नसला, म्हणजे गेमनं चालू ठेवला नसला, तर ती वेळ थांबलेली असते. म्हणजे उठल्या उठल्या घाबरून पळत सुटू नको, आधी हत्यार आणि थोडं खाणं घे, मग सरळ तिथं जा. सेटिंगमधून कोऑर्डिनेट्स (तू कुठं आहेस ते सांगणारे आकडे) चालू ठेव म्हणजे जागा शोधत बसावं लागत नाही. खाणीत उतरताना जे लागत नाही ते सगळं चेस्टमध्ये टाकून जायचं, ही सवय लागली की निम्मं दुखणं गेलं.

प्रश्न : मी अंबाजोगाईहून लिहितेय, मुलीसोबत खेळते. आम्ही गहू लावला पण कडेची जमीन सुकते आणि पीक लई हळू येतं, नदीपासून चर खणत आणावा का?

उत्तर : ताई, चर कशाला, मधोमध एका ब्लॉकचा खड्डा करून बादलीभर पाणी ओता. ते चारी बाजूंना ४ ब्लॉकपर्यंत जमीन ओली ठेवतं, म्हणजे ९ बाय ९ चं रान, पाण्याचा ब्लॉक सोडून ८० ब्लॉक भिजले. तुमची कडेची जमीन त्या ४ ब्लॉकच्या बाहेर गेलीय, म्हणून सुकायलीय. घराजवळ २ बाय २ चा खड्डा करून समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एक-एक बादली ओतली की ते पाणी कधी आटतच नाही, किती पण उपसा. आपल्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हे बघून खरंच बरं वाटतं. रात्रीपण पीक वाढावं म्हणून रानात टॉर्च लावा, भोवती कुंपण घाला आणि मुलीला सांगा पिकात उड्या मारू नको, उडी पडली की नांगरलेली जमीन परत साधी माती होते. ३ गव्हाच्या पेंढ्यांचा एक ब्रेड होतो, एवढं एक रान दोघींना भरपूर झालं.

प्रश्न : लोखंड कुठं खणू? (नांदेड)

उत्तर : वाय (कोऑर्डिनेट्समधला उंचीचा आकडा) १६ च्या आसपास, दगडाचा पिकॅक्स (कुदळ) घेऊन, लाकडाच्या पिकॅक्सनं फोडलं तर हाती काहीच येत नाही. पहिल्या ३ लोखंडाची बादली कर, तलवार नंतर.