डब्याचा रंग बदलला की तेच कोला वेगळे का लागते?

चव केवळ जिभेवर ठरत नाही. डबा हातात घेताच मेंदू चवीचा अंदाज बांधतो आणि घोट घेतल्यावरची जाणीव बऱ्याच अंशी त्या अंदाजानेच घडते, म्हणून पेय तेच असूनही वेगळे लागते. २०११ च्या नाताळाआधी कोका-कोलाने अमेरिकेत ध्रुवीय अस्वलांचे चित्र असलेले पांढरे डबे आणले, तेव्हा आतले पेय जराही बदललेले नसताना काही ग्राहकांनी चव बदलल्याची तक्रार केली (काहींना तर तो डाएट कोकचा रुपेरी डबाच वाटला) आणि कंपनीने लाल डबे पुन्हा बाजारात आणले. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, नाव लपवून दिलेल्या कोक आणि पेप्सीत पसंती जवळपास सारखीच विभागली गेली. कोकचे नाव कळताच मात्र कल तिकडे झुकला आणि हिप्पोकॅम्पस हा मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग अधिक सक्रिय झाल्याचे स्कॅनमध्ये दिसले. पेप्सीच्या नावाने तसे काही घडले नाही. तथापि वेष्टनाचा सगळाच परिणाम मनाचा खेळ नसतो: प्लॅस्टिकच्या बाटलीतून कार्बन डायऑक्साइड हळूहळू झिरपून जातो, त्यामुळे काही महिने दुकानात पडून राहिलेली बाटली काचेच्या बाटलीपेक्षा खरोखरच मिळमिळीत लागू शकते.