बीला नाक नाही, तरी श्वसन?

प्रश्न असा आहे: ‘रुजणारी बी श्वसन करते’ हे वाक्य पुस्तकात आहे. श्वसन म्हणजे श्वासोच्छ्वासच ना? मग बीला ना नाक, ना फुप्फुस, ती श्वास घेते कशी?

बी श्वास घेत नाही. श्वसन मात्र तिच्यात अखंड चालतं. या दोन शब्दांसोबत येणारी क्रियापदं पाहिली की फरक उमगतो. श्वास आपण घेतो, सोडतो, रोखतो. पेशीतलं श्वसन कुणाला ‘घेता’ येत नाही आणि रोखूनही धरता येत नाही. ते होतं, चालतं. पुस्तकात ‘करते’ऐवजी ‘बीमध्ये श्वसन होते’ असं छापलं असतं, तर निम्मा घोळ टळला असता.

श्वासोच्छ्वास म्हणजे छातीच्या भात्याची हालचाल: हवा आत, हवा बाहेर. आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे 21 टक्के असतो, बाहेर येणाऱ्या हवेत सुमारे 16. मधला ऑक्सिजन रक्तातून पेशींपर्यंत पोचतो. तिथे, मुख्यतः तंतुकणिकांमध्ये (पेशीतले सूक्ष्म घटक, इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया), अन्नातल्या ग्लुकोजसारख्या रेणूंचं टप्प्याटप्प्याने विघटन पुरं होतं आणि ऊर्जा मोकळी होते. जीवशास्त्रातलं श्वसन ते हे. थर्मासमध्ये मोड आलेले वाटाणे भरा, कापसाच्या बोळ्यातून तापमापी आत सोडा. एक-दोन दिवसांत पारा चढलेला दिसतो. उकळून मारलेल्या वाटाण्यांच्या थर्मासात, ते कुजू दिले नाहीत तर, तो हलत नाही. बीचं ‘श्वास घेणं’ पाहायचंच असेल तर ते इतकंच.

मग गोंधळ का? एक तर दोन्ही शब्दांचा धातू एकच, श्वस्. अमरकोशात तर ‘श्वसन’ हे चक्क वाऱ्याचं नाव आहे. दुसरं म्हणजे हा शब्द आजही दोन घरी नांदतो. डॉक्टर ‘श्वसनदर’ म्हणतात तेव्हा मिनिटाला किती श्वास ते मोजतात (प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता साधारण 12 ते 20). वनस्पतिशास्त्रज्ञ तोच शब्द वापरतो तेव्हा बियांनी किती ऑक्सिजन वापरला ते मोजतो. श्वसनमार्ग, श्वसनविकार हे पहिल्या घरचे; ऑक्सिश्वसन (ऑक्सिजनसह होणारं), विनॉक्सिश्वसन (ऑक्सिजनविना होणारं) हे दुसऱ्या. गल्लत मराठीपुरती नाही. इंग्रजी ‘रेस्पिरेशन’च्या मुळाशीही लॅटिनमधलं श्वास घेणंच आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने 1780च्या दशकात श्वसन म्हणजे मंद ज्वलन हे ओळखलं, पण ते ज्वलन फुप्फुसातच होतं अशी त्याची समजूत होती. आपल्याकडे निदान दोन शब्द आहेत, ते वेगळे राखावेत. नवा शब्द घडवायची मला गरज वाटत नाही. संदिग्ध वाटलं तर ‘पेशीश्वसन’ म्हणावं.

‘झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन’ हे सर्रास ऐकू येणारं वाक्यही याच घोळातून आलंय. वनस्पतींमध्ये श्वसन चोवीस तास चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा ऑक्सिजन इतका जास्त असतो की श्वसनाचा हिशेब त्याखाली झाकला जातो.

जाता जाता एक गंमत. माणसाच्या तांबड्या रक्तपेशी जन्मभर ऑक्सिजनची हमाली करतात, पण त्यांना तंतुकणिकाच नसतात. त्यामुळे पाठीवरच्या ओझ्यातलं काही स्वतःसाठी वापरता येत नाही. त्या ऑक्सिजनविनाच भागवतात.

आणि प्रश्नात नसलेलं, पण लिहिताना हमखास चुकणारं: ‘श्वासोश्वास’ नव्हे, ‘श्वासोच्छ्वास’. उत् + श्वास = उच्छ्वास, म्हणून च्, छ् आणि व् तिघेही एका जोडाक्षरात हवेत. ‘उच्छवास’ लिहिलं की छ सुटा पडतो आणि तेही चूकच.