टिळकवाडीला शंभरपैकी किती?

प्रश्न: मुलगा टोरांटोला असतो, त्यानं घर घेतलं तेव्हा जाहिरातीतच 'वॉक स्कोअर', म्हणजे पायी सगळं किती जवळ त्याचे मार्क, लिहिलेला म्हणे, शंभरपैकी नव्वदच्या वर. आमचं घर दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, मेडिकल, भाजी, बँक सगळं हाकेच्या अंतरावर, म्हणजे आम्हालापण नव्वद मिळायला पाहिजेत की! पण सासूबाई वॉकर घेऊन चालतात, त्यांना मेडिकलपर्यंतसुद्धा जमत नाही. मग हे मोजतात तरी कसं?
– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर: तुम्हाला मिळतील हो नव्वद, सासूबाईंना नाही मिळणार, घोळ तिथंच आहे. वॉक स्कोअर २००७ मध्ये अमेरिकेत सिएटलला सुरू झाला, त्याचा मुख्य हिशोब अंतराचा. दुकान, शाळा, बाग पाच मिनिटांच्या चालीत, म्हणजे साधारण ४०० मीटरच्या आत असली की पूर्ण मार्क, पुढं कमी होत होत अर्ध्या तासावर शून्य. पण ही पाच मिनिटं कुणाची? धडधाकट माणसाची. वॉकरवाल्या आजी सेकंदाला अर्धा मीटर चालल्या तर त्याच ४०० मीटरला तेरा मिनिटं जातात, त्यात गेट पडलं तर झालंच.

म्हणून एरियाचे मार्क सोडा, माणसाचे काढा. सासूबाईंबरोबर मेडिकलकडं निघा आणि त्या कुठं अडल्या तेवढं लिहा. सरासरी मात्र काढू नका, सगळा रस्ता गुळगुळीत आणि गटारीवरची एकच फरशी डुगडुगते, तरी त्या तिथनंच परत फिरणार, मग मार्क शून्यच की. उताराचंपण बघा, नियम एकास बाराचा, म्हणजे सहा इंची पायरीला सहा फूट लांब उतार पाहिजे, आपल्याकडं दीड फुटात उरकलेला असतो तो स्कूटी चढवायला. आता गल्लीत सहा फूट जागा आणायची कुठनं, हे मलापण कळतंय, त्यामुळं मेडिकलवाला खाली उतरून गोळ्या हातात देत असेल तर तीपण सोय मोजा.

बसचं तसंच. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, म्हणजे सासूबाईंचा पैशाचा अडथळा गेला, बसची उंच पायरी राहिली. महाराष्ट्रातल्या चंदगडहून तुमची एखादी नणंद आली तर तिचं बरोबर उलटं, ती टुणकन चढेल पण तिकीट काढेल. सीट एकच, मार्क वेगळे!

आणि जुलैत परत एकदा मोजा, पाणी साचलं की फूटपाथचा खड्डा केवढा आहे ते कळतच नाही.