शेवटच्या माणसाच्या चालीनं

कोल्हापूर,
मृग सरता सरता

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

यंदा तू पन्हाळा ते पावनखिंड चालत जाणार, तेही पाच मैत्रिणींना घेऊन, हे ऐकून ऊर भरून आला. फोनवर तू विचारलंस, "काका, बूट कुठले घेऊ?" बुटांचं सांगतोच. पण मला आधी दुसरंच सांगायचंय.

माझ्या दुसऱ्या खेपेची गोष्ट. म्हाळुंग्यावरनं मसाई पठारावर चढलो आणि धुक्यानं वेढलं. त्या पठारावर आडोशाला झाड नाही, खुणेला घर नाही. चारी बाजू सारख्याच. आम्ही सातजण होतो. चिखलानं आमच्यातल्या एकाच्या बुटाचा तळवा सुटला, म्हणून तो खाली बसला. "व्हा पुढं, आलोच," म्हणाला. आम्ही झालो पुढं. थोड्या वेळानं मागं बघतोय, तर माणूस नाही. हाका मारल्या, उत्तर नाही. दोन तासांनी एका धनगरानं त्याला आपल्या घोंगड्याखाली घेऊन आणून सोडला. ओठ निळे पडले होते. तो एवढंच म्हणाला, "तुमच्या हाका मला ऐकू येत होत्या रे. माझीच तुमच्यापर्यंत पोचत नव्हती."

नंतर नीट विचार केला तेव्हा उमगलं. आपण पश्चिमेला चालतो आणि पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडनंच तोंडावर येतो. पुढच्याची हाक वारा मागं आणतो, मागच्याची मात्र पुढं जाऊ देत नाही. म्हणजे मागं राहिलेल्यानं कितीही घसा फोडला तरी उपयोग नाही. थांबायचं, वळायचं, मोजायचं ते पुढच्यानंच. ती चूक माझी होती, कारण सगळ्यात पुढं मी होतो. आज इतक्या वर्षांनीही ते निळे ओठ डोळ्यांपुढनं जात नाहीत.

म्हणून तू पुढं चालू नकोस. वाट माहीत असलेली एखादी पुढं दे आणि तू शेवटी राहा. तुमच्यात जिचा पाय सगळ्यात हळू, तिला पुढून दुसरी चालव. तिची चाल तीच सगळ्यांची चाल. पठारावर दर पाच मिनिटांनी थांबून सहाजणींनी आकडे म्हणायचे, एक ते सहा. सहावा आकडा तुझा. तो ऐकू आल्याशिवाय पहिलीनं पाऊल उचलायचं नाही. शिट्टी पहिलीच्या गळ्यात असू दे.

आता बूट. नवे अजिबात नकोत. खाली दातेरी रबर असलेले, महिनाभर वापरून मुरलेले हवेत. तळव्याचा काही भरवसा नाही, म्हणून सुतळी जवळ ठेव. रात्री मुक्कामाला कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले असावेत, ते वाटेत काढायचेच नाहीत. छत्री वाऱ्यात उलटी होते, रेनकोट घे. जळू चिकटली तर ओढू नकोस, मीठ लाव, आपोआप सुटते. खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. भडंग नको, भिजलं की त्याचा लगदा होतो.

आणि रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या म्हणजे तयारी झाली असं समजू नकोस. ही वाट साधारण 50 किलोमीटर आहे, दोन दिवसांची. कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, सगळा चढ-उतार आणि ओढे. तोवरचे सगळे रविवार पहाटे कोल्हापुरातनं निघून चालत जोतिबाला जा. सहाजणी मिळून जा. कुणाचा गुडघा दुखतो, कोण भूक लागली की चिडते, कोण दमली तरी सांगत नाही, हे तिथंच कळेल. न सांगणारीकडं जास्त लक्ष ठेव.

वाड्या-वस्त्यांवर त्या दिवसांत रोपलावण चालू असते. बांधावरनं एकामागं एक चाला. बांध खचला तर खाचरातलं पाणी जातं आणि त्या घराची दिवसभराची मेहनत वाया जाते. कुणी चहा दिला तर पडवीत टेकून प्या, चिखलाचे पाय घरात नेऊ नका.

निघताना पन्हाळ्यावर शिवा काशीदांपुढं नक्की थांब. 12 जुलै 1660 ची ती रात्र. महाराजांचा वेश घेऊन नेबापूरचा हा माणूस दुसऱ्या पालखीत बसला आणि सिद्दी जौहरच्या छावणीत गेला. मरण समोर दिसत असताना गेला. इकडं महाराजांची पालखी बांदलांच्या मावळ्यांनी भर पावसात याच डोंगरातनं नेली. बाजीप्रभू आणि त्यांचे भाऊ फुलाजी घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, मागं थांबले, म्हणून पुढचे विशाळगडाला पोचले. मी शाळेपासून हे ऐकत आलो होतो. पण गुडघाभर चिखलात पाय रुतलेला असताना, खांद्यावर पालखीचा दांडा असता तर, असा विचार मनात आला आणि मी तिथंच हात जोडले.

पांढरेपाण्यापासनं पुढं पोरी धावायला लागतात, खिंड जवळ आली म्हणून. तू धावू देऊ नकोस. खिंडीतला खडक शेवाळलेला असतो. तिथं उतरतानाही आकडे म्हणा. सहावा ऐकू आला की मगच मातीला हात लावा.

शनिवारी घरी ये. माझी शिट्टी आणि सुतळीचा गुंडा काढून ठेवलाय.

तुझा,
काका