वडिलांचे जुने फोटो आणि कॅमेरा: स्कॅन केल्यावर मूळ वस्तू ठेवाव्यात का?

तुमचा प्रश्न असा की, वडील गेल्यावर अमळनेरच्या घरात त्यांचा आग्फा क्लिक-३ कॅमेरा आणि फोटो-निगेटिव्हनी भरलेली ट्रंक सापडली. भाऊ म्हणतात, सगळं मोबाइलवर स्कॅन करून घ्या आणि ट्रंक भंगारात द्या. मूळ वस्तू ठेवून काय मिळणार?

बरंच काही मिळणार. पण आधी एक काम. कॅमेऱ्याचं मागचं झाकण कुणाला उघडू देऊ नका. पाठीमागे एक छोटी लाल खिडकी असते, तिच्यातून आत बघा. एखादा आकडा दिसला तर आत अजून फिल्म आहे. या कॅमेऱ्यात १२० नंबरचा रोल लागतो, त्यावर ६ बाय ६ सेंटीमीटरचे १२ फोटो येतात आणि फिल्मच्या मागच्या कागदावरचे आकडे त्या खिडकीत दिसतात. आकडा दिसला तर गुंडाळायची खुंटी हळूहळू फिरवत राहा. ती अगदी मोकळी फिरायला लागली की सगळा कागद दुसऱ्या रिळावर गेलेला असतो. मग अंधाऱ्या खोलीत झाकण उघडून रीळ काढा, सैल पडू न देता चिकटपट्टीने बंद करा. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर टिपलेलं चित्र धुतलं (म्हणजे डेव्हलप केलं) नाही तरी अनेक वर्षं तग धरू शकतं. धुरकट येईल, पण येण्याची शक्यता असते. जिथे हाताने फिल्म धुतात अशाच ठिकाणी द्या आणि फिल्म जुनी आहे हे आवर्जून सांगा.

आता मूळ प्रश्न. मी शाळेत असताना भुसावळच्या मामांनी मला हाच कॅमेरा दिला. मामा रेल्वेत होते. तेव्हापासून आजपर्यंत हातात कुठला ना कुठला कॅमेरा आहेच. क्लिक-३ नंतर पेंटॅक्स के-१००० घेतला, तो अजून चालतो, कारण त्याचं शटर पूर्णपणे यांत्रिक आहे आणि बॅटरी फक्त प्रकाश मोजायला लागते. धंदा म्हणून मी कधी फोटो काढले नाहीत. घरातले, गल्लीतले, शेतातले, यात्रेतले काढले. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली आहे: एकटा फोटो अर्धवट सांगतो, निगेटिव्हची पट्टी पुरतं सांगते.

कसं ते सांगते. रोल महाग, त्यामुळे १२ फोटो महिनोन् महिने पुरवायचे. पोळ्याला घातलेला रोल कधी संक्रांतीनंतर निघायचा. म्हणजे एका पट्टीवर घरातलं अर्धं वर्ष ओळीने बसलेलं असायचं. माझ्याकडे आज्जीचा एक फोटो आहे. धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घराच्या भिंतीला टेकून ती बसली आहे, नऊवारीचा पदर डोक्यावर, मांडीवर सूप. प्रिंटच्या मागे तारीख नाही, काही नाही. घरात वाद होता की हा फोटो नेमका कधीचा. मी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरली. आज्जीच्या आधी पोळ्याचे सजवलेले बैल. नंतरच्या चौकटीत धाब्यावर उभी पोरं, माना वर, डोळ्यांपुढे एक्स-रेच्या फिल्मचे तुकडे, आणि खाली दिसणारी गल्ली पार रिकामी. ते १६ फेब्रुवारी १९८० चं सूर्यग्रहण. आमच्याकडे ते खंडग्रास होतं, तरी लोक दारं लावून घरात बसले होते. (एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघू नये, डोळ्यांना इजा होते. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.) म्हणजे आज्जीचा फोटो १९७९ चा पोळा आणि ते ग्रहण यांच्या मधला, तिच्या शेवटच्या हिवाळ्यातला. १९८० मध्येच आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी ती गेली. एकट्या प्रिंटचं कितीही चांगलं स्कॅन केलं असतं तरी हे कळलं नसतं.

म्हणून पट्ट्या कापू नका आणि एकमेकींत मिसळू नका. निगेटिव्हच्या कडेलाही मजकूर असतो: चौकटीचा आकडा, कंपनीचं नाव. माझ्या पट्ट्यांवर कधी ओर्वो आहे, कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू. दोन पट्ट्या एकाच रोलच्या आहेत का, ते ठरवायला ही कड उपयोगी पडते. प्रिंटच्या मागचा स्टुडिओचा शिक्का, कुणी लिहिलेलं अर्धं नाव, हेही स्कॅन करा. लोक पुढची बाजू स्कॅन करतात आणि मागची विसरतात.

मी फिल्म घरीच धुवायचे. मेटॉल, हायड्रोक्विनोन, हायपो अशी फिल्म धुवायची रसायनं आणायची आणि रात्री न्हाणीघराच्या फटी गोधडीने बुजवायच्या. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं द्रावण, साधारण २० अंशांना वापरायचा असतो आणि आमच्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, नळाला गरम पाणीच येतं. गरम पाण्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर मऊ पडतो, सुरकुततो. त्यामुळे उन्हाळ्यात माठातलं पाणी आणि बर्फ, नाहीतर थेट थंडीची वाट. तुमच्या वडिलांच्या पट्ट्यांवर बारीक जाळीसारख्या सुरकुत्या दिसल्या तर तो बहुतेक आपल्याकडच्या उन्हाळ्याचा परिणाम असेल.

हाच उन्हाळा ट्रंकेलाही बाधतो. पत्र्याखालच्या माळ्यावर ती ठेवू नका, खालच्या गार खोलीत ठेवा. पावसाळ्यात दमट हवेने बुरशी धरते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाका. डांबरगोळ्या नकोत. एखाद्या निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तिचं प्लॅस्टिक कुजायला लागलंय. ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिचं स्कॅन सगळ्यात आधी करा. चिकट पानांचे अल्बम असतील तर त्यातले सहज सुटणारे फोटो काढून साध्या कागदी पाकिटात घाला, जे निघत नाहीत ते ओढू नका. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटोही सोलायला जाऊ नका, थर काचेवरच राहतो. काचेसकटच त्याचा फोटो घ्या. नावं लिहायची ती जुन्या कागदी प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. गुळगुळीत रंगीत प्रिंटवर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा. बॉलपेन नकोच, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो.

रंगीत फोटो लालसर झाले असतील. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या लग्नांच्या अल्बमची हीच गत आहे, कारण त्या प्रिंटमधले रंग कालांतराने उडतात आणि सगळे सारख्या वेगाने उडत नाहीत. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चांदी असते, फोटो नीट धुतला असेल तर ती जास्त टिकते. बिघडलेल्या प्रिंटची निगेटिव्ह हाताशी असेल तर स्कॅन तिचंच करा.

स्कॅन जरूर करा, त्याला माझा विरोध नाही. प्रिंटला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे. मोबाइलने घेणार असाल तर खिडकीशी, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला समांतर. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि प्रती दोन ठिकाणी ठेवा. आपल्या भुसावळला मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये त्यांना अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं राबून केलेल्या त्यांच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, तिथे १८६६ च्या आगीत जवळपास सगळ्या जळाल्या. त्यांनी कॅमेऱ्याने घेतलेले अजिंठ्याचे फोटो मात्र आजही पाहायला मिळतात, कारण त्यांच्या अनेक प्रती निघाल्या होत्या. भावांना एवढं सांगा.

कॅमेऱ्याबद्दल. तो शोकेसमध्ये ठेवण्यापेक्षा वापरा, १२० ची फिल्म अजून मिळते. साधा कॅमेरा आहे म्हणून कमी लेखू नका. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२ ते १९८९) स्टेशनजवळच्या आपल्या घरात बसून टेबलावर चार वस्तू मांडायचे आणि त्यातून फोटोत अख्खा देखावा उभा करायचे. ते घर आता संग्रहालय आहे. खान्देशात राहून ते पाहिलं नसेल तर कॅमेरा घेऊन एकदा जाच. उजेड आणि सावली यांवर माणूस किती जीव लावू शकतो ते तिथे दिसतं. मी दरवेळी तिथून आले की घरात खिडकीपाशी वाट्या-तांबे मांडून बसते.

राहिली नावं. कुठला फोटो कुणाचा हे तुमच्या आईंना विचाराच, पण फक्त त्यांना विचारून भागणार नाही. आखाजीला गावात माहेरवाशिणी येतात, ट्रंक तेव्हा उघडा. झोक्यावरच्या फोटोत ज्या पोरी दिसतात त्याच आज सत्तरीच्या आत्या आणि मावश्या आहेत. फोटो एकेक करून त्यांच्या हातात द्या आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. एकीने नाव घेतलं की दुसरी खोडून काढेल, तिसरी त्या दिवशीचं भांडण सांगेल. सगळं येऊ द्या, मध्ये बोलू नका, आणि कोणता आवाज कुणाचा ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवा.