डेस्कटॉप स्लीपमधून उठत नाही, लाईट जाऊन आली की लवकर सुरूही होत नाही. मदरबोर्ड बदलावा लागेल का?

मदरबोर्डवर आत्ताच पैसे घालू नका. तुम्ही लिहिलेल्या तक्रारी एकत्र वाचल्या की संशय एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्यावर, जातो. त्यातही त्याच्या एका छोट्या भागावर, ज्याला स्टँडबाय सप्लाय म्हणतात. हा संशय खरा की खोटा, हे नवीन काहीही विकत न घेता घरी तपासता येतं.

तुमचं म्हणणं मला असं कळलं: पाच-सहा वर्षांपूर्वी दुकानातून असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, एसएमपीएस कॅबिनेटसोबतच आलेला. भिंतीवरचं बटण कायम चालू असतं. स्लीपमध्ये टाकला की कधी पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच राहते, कधी विंडोज पहिल्यापासून सुरू होते आणि उघडं ठेवलेलं काम गेलेलं असतं. लाईट दोन-तीन तास जाऊन आली की पॉवरचं बटण दाबून काहीच होत नाही, दहा-पंधरा मिनिटांनी दाबलं की सुरू होतो. एकदा सुरू झाला की दिवसभर, गेम खेळतानासुद्धा, तक्रार नाही. टेक्निशियन म्हणाला, बोर्ड गेला. शिवाय कॅबिनेटला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते दहा-पंधरा मिनिटांचं आहे. मी हार्डवेअर दुरुस्तीचंच काम करतो. गिऱ्हाइकाने हे सांगितलं की मी बोर्डाला हात लावायच्या आधी एसएमपीएसची जांभळी तार मोजतो.

एसएमपीएसच्या डब्यात खरं तर दोन सप्लाय असतात. मुख्य सप्लाय १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो आणि कॉम्प्युटर चालू असतानाच चालतो. दुसरा छोटा, ५ व्होल्टचा स्टँडबाय. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर, कॉम्प्युटर बंद असला तरी, हा चालूच असतो. बोर्डाला लागणाऱ्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली जांभळी तार ती याची. पॉवरचं बटण दाबलेलं बोर्डाला कळतं ते याच्या जोरावर. मग बोर्ड हिरवी तार ग्राउंडला खेचतो आणि मुख्य सप्लाय जागा होतो. बहुतेक एसएमपीएसमध्ये मुख्य सप्लाय चालवणारी कंट्रोल चिपही या स्टँडबायवरच जगते. म्हणजे स्टँडबाय अशक्त झाला की मुख्य सप्लाय धडधाकट असूनही त्याला उठवणारं कोणी राहत नाही.

स्लीपमध्येही तेच. नेहमीच्या स्लीपमध्ये, ज्याला एस-३ म्हणतात, मुख्य सप्लाय पूर्ण बंद होतो. प्रोसेसर, हार्ड डिस्क, पंखे सगळं थांबतं. तुमचं उघडं काम फक्त रॅममध्ये असतं आणि रॅमला जिवंत ठेवते ती हीच जांभळी तार. कीबोर्ड, माउस, लॅन यांनाही करंट तिथूनच. तो व्होल्टेज क्षणभर जरी खचला तरी रॅममधलं सगळं पुसलं जातं, आणि बटण दाबल्यावर विंडोज पहिल्यापासून सुरू होते. तुमच्याकडे हेच दिसतंय. स्लीपमध्ये असलेल्या कॉम्प्युटरच्या यूएसबीवर मोबाइल चार्जिंगला लावत असाल तर तो भारही बहुतेक बोर्डांवर या छोट्या सप्लायवरच पडतो. एसएमपीएसच्या लेबलवर स्टँडबायचा आकडा बघा. साध्या एसएमपीएसला तो २ किंवा २.५ अँपिअर असतो, आणि स्वस्त मालात तेवढाही खरा मिळेल याची खात्री नाही.

हाच भाग आधी का मरतो, याचं कारण फार कमी जण सांगतात. स्टँडबाय चोवीस तास चालतो, पण एसएमपीएसचा पंखा फक्त कॉम्प्युटर चालू असताना फिरतो. रात्रभर त्या बंद डब्यात हवा हलत नाही आणि स्टँडबायच्या ट्रान्सफॉर्मरला खेटून बसवलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवून व्होल्टेज सपाट ठेवणारे भाग) मंद आचेवर शिजत राहतात. अशा कपॅसिटरवर १०५ अंश आणि २००० तास असा दर्जा असेल, तर ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य दुप्पट होतं. ६५ अंशांवर ते सोळापट, म्हणजे ३२,००० तास. वर्षाचे तास ८,७६०. चोवीस तास चालणाऱ्या भागाला हे साडेतीन वर्षांच्या जरा वर पुरतं. रोज सहा-सात तास चालणारा मुख्य सप्लाय तोवर ठणठणीत असतो, म्हणून गेम खेळताना तुम्हाला काही जाणवत नाही.

कपॅसिटर सुकायला लागला की त्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो, आणि तो थंड असताना सगळ्यात जास्त असतो. लाईट गेल्यावर सगळं थंड होतं. लाईट आली की स्टँडबाय लंगडत सुरू होतो, स्वतःच्याच करंटने कपॅसिटर कोमट होतो, रेझिस्टन्स उतरतो, व्होल्टेज जरा स्थिर होतो आणि मग तुमचं बटण लागू पडतं. थंडीत याला आणखी वेळ लागू शकतो.

मात्र नुसतं स्लीपचं दुखणं असतं तर मी आधी विंडोजकडेच बघितलं असतं, कारण स्लीप बिघडायला ग्राफिक्स ड्रायव्हर पुरेसा असतो. म्हणून हे दोन प्रयोग आधी करा, फुकटचे आहेत.

पुढच्या वेळी पंखे फिरून स्क्रीन काळी राहिली की पॉवरचं बटण लगेच दाबून धरू नका. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो आहे? तर कॉम्प्युटर उठलेला आहे, फक्त चित्र येत नाहीये. विंडोजची की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बऱ्याचदा स्क्रीन परत येते. तसं झालं तर उपाय ड्रायव्हरमध्ये आहे. कॅप्स लॉकचा दिवा ढिम्म हलला नाही तर मशीन अर्ध्यात अडकलंय.

दुसरा प्रयोग हायबरनेटचा. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून कॉम्प्युटर पूर्ण बंद होतो, जांभळ्या तारेवर रॅमचा भार राहत नाही. मेनूमध्ये हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवर बटणाने काय करायचं ते ठरवण्याच्या पानावर, ते चालू करता येतं. पाच-सहा वेळा हायबरनेट करून बघा. दरवेळी उघडं काम जसंच्या तसं परत आलं आणि स्लीप मात्र फसतच राहिलं, तर विंडोजवरचा संशय बराच कमी होतो. दोन्ही फसलं तर आधी ड्रायव्हर आणि बायोस (बोर्डावरचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करा. बायोसमध्ये रॅमचा एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर तो बंद करूनही एकदा बघा, काही बोर्डांना तो स्लीपमधून उठताना झेपत नाही.

विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसेल. ती दाखवून कोणी म्हणालं की हा पॉवर सप्लाय गेल्याचा पुरावा, तर तेही मानू नका. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाली नव्हती. तुम्ही बटण दाबून धरलंत तरी तीच नोंद होते.

आता मल्टिमीटर. साधा डिजिटल चालेल. डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळा प्रोब कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला किंवा स्क्रूला. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डवरून काढायचा नाही. जांभळी तार मागून जिथे आत शिरते, तिथे लाल प्रोबचं टोक तारेच्या कडेने आत सरकवायचं, धातू लागेपर्यंत. इथे हात स्थिर हवा. जांभळ्याच्या एका बाजूला करडी तार आहे आणि दुसऱ्या बाजूला पिवळी, म्हणजे १२ व्होल्ट. टोक घसरून जांभळी आणि पिवळी जोडली गेली तर आज चांगला असलेला बोर्ड त्या क्षणी खरोखर जाईल. प्रोबला टोकाची दोन मिलिमीटर सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळा, मग धोका बराच कमी होतो. सगळ्या तारा काळ्या असतील तर कनेक्टरचा नकाशा बघून ९ नंबरची पिन शोधा. आणि ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉपमध्ये बोर्डाला २४ पिनांऐवजी छोटा कनेक्टर असेल तर हे रंग आणि आकडे लागू पडत नाहीत, तिथे थांबा.

आकडा ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये हवा. नुसता बंद कॉम्प्युटर मोजून समाधान मानू नका, भार नसताना आजारी स्टँडबायही ५ दाखवतो. मीटर लावलेलाच ठेवून कोणाला तरी बटण दाबायला सांगा. मग स्लीपमध्ये टाकायला सांगा, मग उठवायला. तुमच्या बाबतीत लाईट जाऊन आल्यावर लगेच मोजलंत तर सगळ्यात उत्तम, कारण दुखणं तेव्हाच वर येतं. बटण दाबताक्षणी आकडा साडेचारच्या आसपास कोसळून परत चढताना दिसला, किंवा तो ४.६ ते ५ मध्ये हेलकावे खात राहिला, तर निकाल लागला. उलट आकडा भक्कम दिसला तर एसएमपीएस पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण मल्टिमीटर सरासरी दाखवतो. त्या व्होल्टेजवर बारीक लाटा असतात, त्यांची मर्यादा ५० मिलिव्होल्ट आहे, आणि त्या बघायला ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र, लागतो. मग शेवटची परीक्षा एकच: मित्राचा किंवा दुकानातला चांगला एसएमपीएस एका दिवसापुरता लावून बघणं. बोर्ड बदलायला सांगणाऱ्या टेक्निशियनला हे आधी करायला लावा. त्याच्याकडे टेस्टिंगचा एसएमपीएस असतोच.

हिरवी आणि काळी तार क्लिपने जोडून पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, ही जुनी चाचणी तुमच्या कामाची नाही. ती भाराशिवाय होते आणि तोवर स्टँडबाय गरम झालेला असतो.

एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढलेला असला तरीही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो, काही प्रकारांत चारशेच्या जवळ, आणि तो बिघडलेल्या एसएमपीएसमध्ये बराच वेळ टिकू शकतो. आमच्या टेबलावर उघडल्यावर बहुतेकदा दिसतं ते असं: स्टँडबायच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी करंगळीच्या पेराएवढा एक कपॅसिटर, वरचं टोक सपाट असण्याऐवजी फुगलेलं, बुडाशी तपकिरी चिकट डाग आणि भोवतीचा पीसीबी करपून काळपट. तो बदलता येतो, पण कॅबिनेटसोबत आलेल्या एसएमपीएसवर तो खर्च मी सुचवणार नाही. शेजारचे कपॅसिटर त्याच वयाचे असतात.

झिणझिण्यांचं प्रकरण वेगळं आहे, पण ते टाळू नका. एसएमपीएसच्या आत येणाऱ्या वायरींवर फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल यांना कॅबिनेटच्या पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर २३० च्या निम्मे, सुमारे ११५ व्होल्ट तरंगत राहतात. करंट अगदी थोडा म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण पुढेमागे आत कुठे फेज पत्र्याला लागला तर तो वाहून न्यायला काहीच नाही. नवीन एसएमपीएस लावूनही झिणझिण्या तशाच राहतील. जुन्या इमारतींत तीन पिनांच्या सॉकेटमागे तिसरी तारच नसते, किंवा मध्ये दोन पिनांचा एक्स्टेन्शन बोर्ड असतो. वायरमनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, एसएमपीएसच्याही आधी.

नवीन एसएमपीएस घेताना खोक्यावरचे वॅट बघू नका, लेबलवर १२ व्होल्टपुढचे अँपिअर बघा. ४५० वॅट लिहिलंय आणि १२ व्होल्टला १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅटच. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरच घेतात. खऱ्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ३६ अँपिअरच्या आसपास दिसतं. ८० प्लसचा दर्जा (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) आणि पाच वर्षांची वॉरंटी मिळत असेल तर जरूर घ्या. सुट्या केबलींचा घेतलात तर जुन्या एसएमपीएसच्या केबली त्याला चुकूनही लावू नका, पलीकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि डिस्क जळतात.

तोवर ऑटोमॅटिक स्लीप बंद ठेवा, जागेवरून उठताना हायबरनेट वापरा आणि महत्त्वाच्या फायलींची एक कॉपी दुसरीकडे काढून ठेवा. चांगला एसएमपीएस लावूनही लाईट गेल्यावर तेच झालं, तर मग बोर्डाची पाळी; तेव्हा बोर्डाचं मॉडेल आणि जांभळ्या तारेचे तिन्ही आकडे (बंद असताना, बटण दाबताना, स्लीपमध्ये) इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.