घरी स्पिअरगन (ताणलेल्या रबराच्या जोरावर पाण्याखाली माशावर भाला सोडणारी बंदूक) बनवायला कुठलं लाकूड घ्यावं?

साग घ्या, दुसरा विचार करू नका. मी सुतारकाम करतो आणि सागाच्या गनही बनवल्यात, त्यावरून सांगतोय. सागात मुळातच तेल असतं त्यामुळे खाऱ्या पाण्यात तो फारसा फुगत नाही आणि पिळत नाही, आणि गनमध्ये तेच सगळ्यात महत्त्वाचं, कारण रबर ताणले की सगळा जोर गनच्या लाकडी दांड्यावर येतो आणि दांडा जरा जरी वाकलेला असेल तर भाला बाजूला जातो. जुनं घर पाडल्यावर निघालेला वासा मिळाला तर सोनंच, वर्षानुवर्षं सुकलेला असतो, फक्त खिळे नीट शोधून काढा नाहीतर रंध्याचं पातं गेलं. रेषा सरळ टोकापर्यंत गेलेल्या हव्यात, गाठ नको, कडेचा पांढरट भाग तर अजिबात नको.

एकच अखंड तुकडा वापरू नका, 3 पट्ट्या चिरून मधली उलटी फिरवा आणि इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) चिकटवा म्हणजे एकीचा बाक दुसरी धरून ठेवते. चिकटवायच्या आधी असिटोनने (तेल काढणारा द्रव) पुसा आणि लगेच लावा, तेल परत वर आलं की जोड सुटतो.

शिसव दिसायला सुंदर पण जड, आंबा लवकर कुजतो. महोगनी चालेल.

फक्त एक, साग पाण्यावर तरंगतो, त्यामुळे दांडा जाड ठेवलात तर गनचं तोंड वर उचललं जाईल, मग पुढच्या बाजूला शिशाचं थोडं वजन बसवावं लागतं, ते पाण्यात धरून बघूनच ठरवा.